घरातील कृत्रिम गारवा आणि बुरशी : नरसी नामदेवच्या हवामानाच्या अनुषंगाने एक विवेचन

कयाधू नदीच्या काठी वसलेले नरसी नामदेव हे हिंगोली जिल्ह्यातील गाव संत नामदेवांचे परंपरामान्य जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रात, आणि नामदेवांची पदे गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट झालेली असल्यामुळे पंजाबातही, सुपरिचित आहे. या गावाच्या हवामानाचा विचार मात्र क्वचितच केला जातो. वस्तुतः तो विचार बोधप्रद आहे. मराठवाड्याच्या या भागात मे महिन्यात हवा अत्यंत तप्त आणि अत्यंत कोरडी असते. पुढे दोनच महिन्यांत तीच हवा तुलनेने सौम्य परंतु बाष्पाने भरलेली होते. वर्षाच्या पावसाचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. तेव्हा एकाच घरास, एकाच भिंतीस आणि एकाच यंत्रास दोन परस्परविरोधी हवामानांना तोंड द्यावे लागते. कृत्रिम गारवा आणि घरातील बुरशी यांचा संबंध समजून घेण्यास असे ठिकाण किनारपट्टीपेक्षा अधिक सोयीचे होय. कारण किनाऱ्यावर हवा बाराही महिने कमीअधिक दमट राहते आणि कारणे एकमेकांत मिसळून जातात.

प्रश्नाचे स्वरूप सर्वांच्या परिचयाचे आहे. घरात कूलर किंवा वातानुकूलन यंत्र बसविले जाते. एकदोन पावसाळे लोटल्यावर भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटाच्या मागे अथवा यंत्राच्या खालच्या पट्ट्यात काळे किंवा हिरवट ठिपके दिसू लागतात. कपड्यांना व पुस्तकांना कुबट वास येतो. घरधनी रंगाऱ्यास बोलावितो, ठिपके खरवडून वर नवा रंग चढतो, आणि पुढल्या पावसाळ्यात ठिपके पुन्हा उमटतात. "यंत्रामुळे घरात ओल येते" असा निष्कर्ष मग काढला जातो. कोणी यंत्र अधिक थंड करून ओल सुकविण्याचा यत्न करतो, तर कोणी खिडक्या सताड उघड्या ठेवतो. यांपैकी काही उपाय एका ऋतूत गुणकारी, तर दुसऱ्या ऋतूत अपायकारक ठरतात. असे का व्हावे, याची उपपत्ती लावणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. बुरशीस काय लागते

बुरशी ही बाहेरून आलेली आपत्ती नव्हे. अॅस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम, अल्टर्नेरिया इत्यादी कवकांची बीजुके हवेत सर्वत्र आणि सर्वकाळ असतात. त्यांचा आकार सामान्यतः मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागांइतका असल्यामुळे ती दीर्घकाळ तरंगत राहतात. हवेतील बीजुकांच्या अभ्यासाची परंपरा मराठवाड्यात जुनी आहे. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रा. एस. टी. टिळक व त्यांचे सहकारी यांनी या विषयात दीर्घकाळ संशोधन केले. हवेतील बीजुके टिपणारे एक उपकरण त्यांच्याच नावाने ओळखले जाते. लेण्यांच्या आतील आणि बाहेरील हवेची तुलनाही या अभ्यासात झाली. या सर्व संशोधनातून ध्यानी येणारी गोष्ट अशी की बीजुकांना घरात येऊ न देणे अशक्यप्राय आहे. त्यांना रुजू न देणे तेवढे मनुष्याच्या हाती आहे.

रुजण्यास तीन गोष्टी लागतात : अन्न, योग्य तापमान आणि पाणी. अन्नाची वाण घरात कधीच नसते. भिंतीवरील धूळ, रंगातील सेंद्रिय घटक, लाकूड, कागद, पुस्तकांच्या बांधणीतील खळ, कातडी वहाणा, यांपैकी काहीही पुरते. मनुष्यास जे तापमान सुखकर तेच बहुतेक घरगुती कवकांनाही मानवते. म्हणून पाणी हाच निर्णायक घटक उरतो.

मात्र येथे पाणी म्हणजे वाहते पाणी नव्हे. पृष्ठभागास लगटून असलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता पुरेशी वाढली म्हणजे कवकास तेवढे पाणी पुरते. अॅस्परजिलसच्या काही कोरडेपणा सोसणाऱ्या जाती ७५ टक्क्यांच्या आसपासही वाढतात. पेनिसिलियमच्या पुष्कळ जातींना ८० टक्क्यांहून अधिक, तर क्लॅडोस्पोरियमला सुमारे ८५ टक्के आर्द्रता लागते. सतत भिजलेल्या कागदावर वा गिलाव्याच्या तक्त्यावर आढळणाऱ्या स्टॅकिबॉट्रिसला ९० टक्क्यांहूनही अधिक हवी असते. इमारतीच्या पृष्ठभागाजवळील आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहू देऊ नये हा व्यवहारातील नियम याच आकड्यांवरून आला. ही आर्द्रता खोलीच्या मध्यावरील हवेची नव्हे, तर भिंतीच्या त्वचेलगतच्या हवेची आहे, हे विसरता कामा नये. दोहोंतील अंतर हेच या विवेचनाचे मर्म होय.

२. बाष्पाचा हिशेब

हवा जितकी उष्ण तितके अधिक बाष्प तीत सामावू शकते. एका घनमीटर जागेत २० अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम, ३० अंशांस ३० ग्रॅम आणि ४० अंशांस ५१ ग्रॅम बाष्प राहू शकते. प्रत्यक्ष बाष्प या कमाल मर्यादेच्या शेकडा किती आहे ते सापेक्ष आर्द्रता सांगते. म्हणून बाष्पात तिळमात्र वाढ न होताही केवळ हवा थंड केल्याने सापेक्ष आर्द्रता वाढते. आणि ज्या तापमानास ती १०० टक्के होते त्यास दवबिंदू म्हणतात. त्याहून थंड पृष्ठभागावर दव जमते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून सुटणारा घाम हे त्याचे नित्य परिचयाचे उदाहरण होय.

या दृष्टीने नरसीच्या दोन ऋतूंची प्रातिनिधिक हवा तोलून पाहावी. पुढील आकडे कोणा एका दिवसाच्या नोंदी नसून गणितासाठी घेतलेली उदाहरणे आहेत. मे महिन्याच्या दुपारी तापमान ४२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के धरली, तर एका घनमीटर हवेत सुमारे साडेआठ ग्रॅम बाष्प असते व दवबिंदू १० अंशांच्या आसपास येतो. पावसाळ्यातील एखाद्या संध्याकाळी तापमान २९ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के धरली, तर बाष्प २१ ग्रॅमच्या घरात जाते व दवबिंदू २४ अंशांवर चढतो. अंगास भासणारी उष्णता मे महिन्यात कितीतरी अधिक असते. परंतु हवेतील पाणी पावसाळ्यात अडीच पटींनी अधिक असते. मे महिन्यात घरातील कोणतीही भिंत १० अंशांपर्यंत थंड होणे संभवत नाही. पावसाळ्यात मात्र २४ अंशांहून थंड भिंत यंत्राच्या साहाय्याने सहज निर्माण होते. एवढे ध्यानी घेतले म्हणजे पुढील सर्व विवेचन सुलभ होते.

३. कूलर : बाष्प वाढविणारा गारवा

मराठवाड्यातील बहुसंख्य घरांचा गारवा आजही कूलरचाच आहे. त्याचे तत्त्व वाळ्याच्या ताट्यांचेच होय. पाण्याचे बाष्पीभवन होताना सुप्त उष्णता लागते, ती हवेतून घेतली जाते, आणि हवा थंड होते. मात्र त्या गारव्याची किंमत बाष्पाच्या रूपाने मोजावी लागते. वर घेतलेली मे महिन्यातील हवा चांगल्या कूलरमधून गेली, तर ती सुमारे २५ ते २६ अंशांपर्यंत उतरते, आणि तिची आर्द्रता १५ टक्क्यांवरून ७० टक्क्यांच्या आसपास येते. दर घनमीटरमागे सुमारे ८ ग्रॅम पाणी हवेत मिसळते. तासाला २,००० घनमीटर हवा फेकणारा कूलर या हिशेबाने १५ ते १६ लिटर पाणी घरात सोडतो. उन्हाळ्यातील पाणीटंचाईच्या दृष्टीनेही हा आकडा विचारात घेण्याजोगा आहे.

ही ७० टक्क्यांची हवा खोलीतून वाहत जाऊन समोरच्या खिडकीवाटे बाहेर पडत राहिली, तर बुरशीस विशेष वाव मिळत नाही. परंतु गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेण्याचा प्रघात सर्वत्र दिसतो. अशा वेळी तीच हवा पुनःपुन्हा ओल्या पडद्यांतून फिरते, आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांवर जाते, आणि गारवाही कमी होतो. कारण आधीच दमट झालेल्या हवेत बाष्पीभवन मंदावते. म्हणजे बंद खोलीतील कूलर दुहेरी नुकसान करतो. कूलरच्या समोरच्या भिंतीवर, गादीच्या खालच्या अंगास आणि कोनाड्यात मे महिन्यातच बुरशी दिसली, तर तिचे कारण येथे शोधावे.

पावसाळ्यात तर कूलरचे प्रयोजनच संपते. २९ अंश व ७५ टक्के आर्द्रतेची हवा त्यातून गेल्यास जेमतेम तीन अंशांनी उतरते, आणि आर्द्रता मात्र ९४ टक्क्यांपर्यंत पोहोचते. मृगाच्या पावसाबरोबर कूलरचे पाणी बंद करून पडदे वाळवून ठेवावेत हा साधा नियम पाळला, तरी पुष्कळ घरांतील बुरशी आटोक्यात येईल.

४. वातानुकूलन यंत्र : बाष्प काढणारा गारवा

वातानुकूलन यंत्राचे कार्य याच्या नेमके उलट आहे. या यंत्राचा जन्मच मुळी आर्द्रतेच्या प्रश्नातून झाला. १९०२ साली अमेरिकेतील ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंगीत छपाईचे निरनिराळे रंग एकमेकांवर नीट बसत नसत. विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने थंड वेटोळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातील बाष्प काढण्याची योजना केली. १९११ मध्ये त्याने हवा आणि बाष्प यांच्या संबंधाची सूत्रे अभियंत्यांच्या परिषदेपुढे मांडली, व त्यांवरच पुढे या शास्त्राची उभारणी झाली. मनुष्याचे सुख हा या यंत्राचा मागाहून सापडलेला उपयोग होय.

यंत्रातील शीतक वेटोळे दवबिंदूहून थंड असले म्हणजे त्यावर दव धरते व ते पाणी तबकात जमून नळीवाटे बाहेर जाते. एक टनाचे यंत्र म्हणजे २४ तासांत सुमारे ९०७ किलोग्रॅम बर्फ वितळविण्याइतकी उष्णता काढणारे, म्हणजेच साडेतीन किलोवॉट क्षमतेचे यंत्र. दमट हवेत यातील शेकडा ३० भाग जरी बाष्पाचे पाणी करण्यात खर्ची पडला, तरी पूर्ण शक्तीने चालताना तासाला सुमारे दीड लिटर पाणी निघते. याचा पडताळा कोणासही घेता येईल. कोरड्या मे महिन्यात निचऱ्याच्या नळीतून थेंबही क्वचित पडतो. श्रावणात त्याच नळीखाली लावलेली बादली रात्रीत बरीचशी भरते. यंत्र जर घरात ओल निर्माण करीत असते, तर या बादलीतील पाणी आले कोठून, असा प्रश्न विचारावा लागेल. यंत्र ओल निर्माण करीत नाही. ते पाण्याची जागा बदलते. आणि बदललेली जागा चुकली तर तेथे बुरशी येते.

ही जागा प्रामुख्याने चार प्रकारे चुकते.

पहिला प्रकार निचऱ्याचा. नळीस पुरेसा उतार नसणे, तबकात धूळ व शेवाळ साचून छिद्र बुजणे, अथवा नळीचे तोंड भिंतीलगतच सोडणे हे नित्याचे दोष आहेत. दररोज काही लिटर पाणी विटेच्या भिंतीवर पडत राहिले, तर केशाकर्षणाने ते आत शिरते व आतल्या गिलाव्यावर पट्टा उमटतो. ही वातानुकूलनाची बुरशी नसून गळतीची बुरशी आहे. तीवर रंगाचा किंवा औषधाचा काहीही उपयोग होत नाही. नळी मात्र दुरुस्त करावी लागते.

दुसरा प्रकार यंत्राच्या पोटातील बुरशीचा. वेटोळे ओले, अंधारे आणि धुळीने माखलेले असते, म्हणजे कवकास हवे ते सर्व तेथे असते. संपीडक थांबल्यावर पंखा फिरत राहिला, तर वेटोळ्यावरचे पाणी पुन्हा बाष्प होऊन खोलीत परतते, आणि त्यासोबत कुबट वासही येतो.

तिसरा प्रकार अवाजवी मोठ्या यंत्राचा. पावसाळ्यात बाहेरचे तापमान फारसे नसते, त्यामुळे मोठे यंत्र खोली काही मिनिटांत थंड करून थांबते. बाष्प काढण्यास मात्र यंत्र दीर्घकाळ चालावे लागते. परिणामी खोली थंड परंतु दमट राहते. "यंत्र चालू असूनही अंग चिकट होते" ही तक्रार याच स्थितीची निदर्शक आहे. अशा वेळी तापमान आणखी उतरविणे म्हणजे भिंती दवबिंदूच्या अधिक जवळ नेणे होय.

चौथा प्रकार सर्वांत कमी लक्षात येतो. म्हणून त्याचे गणित स्वतंत्रपणे मांडणे इष्ट आहे.

५. भिंतीची दुसरी बाजू

लहान घरात सामान्यतः एकच खोली थंड केली जाते. वृद्ध माणसे, तान्ही मुले आणि अभ्यास करणारी मुले त्या खोलीत निजतात. शेजारची खोली नैसर्गिक हवेवर असते. दोहोंत अर्ध्या विटेची, म्हणजे सुमारे साडेचार इंचांची, भिंत असते, आणि पलीकडच्या अंगास लाकडी कपाट भिंतीस अगदी टेकवून ठेवलेले असते.

समजा, थंड खोली २० अंशांवर ठेवली आहे आणि शेजारच्या खोलीत पावसाळ्याची हवा, म्हणजे २९ अंश व ७५ टक्के, आहे. भिंतीचा आणि तिच्या दोन्ही अंगांच्या हवेच्या पापुद्र्यांचा उष्णतारोध हिशेबात घेतला, तर पलीकडच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे २६ अंश येते. त्यालगतच्या हवेची आर्द्रता ८९ टक्के होते. म्हणजे खोलीच्या मध्यावर मोजमाप ७५ दाखवीत असता भिंतीच्या त्वचेवर बुरशीची मर्यादा ओलांडली गेलेली असते.

आता कपाट ध्यानात घ्यावे. कपड्यांनी वा पुस्तकांनी भरलेले कपाट हे भिंतीस पांघरूण घातल्यासारखे असते. ते खोलीतील ऊब भिंतीपर्यंत पोहोचू देत नाही, पण बाष्प मात्र फटींतून सहज पोहोचते. कपाटाचा उष्णतारोध माफक धरला तरी त्यामागील भिंत २३ अंशांच्याही खाली जाते. त्या हवेचा दवबिंदू २४ अंशांचा आहे. अर्थात तेथे प्रत्यक्ष पाणीच सुटते. बुरशी येते ती थंड खोलीत नव्हे, शेजारच्या खोलीत. आणि तीही जेथे कोणाची दृष्टी जात नाही अशा कपाटाच्या पाठीशी. यंत्र असलेली खोली कोरडी आणि यंत्र नसलेली ओली, हे कोडे अशा रीतीने सुटते.

याच गणितात यंत्राचे तापमान २० ऐवजी २६ अंश धरून पाहावे. उघड्या भिंतीवरील आर्द्रता ८९ वरून ७९ टक्क्यांवर येते. कपाटामागे दव सुटणे बंद होऊन ती ८५ टक्क्यांवर येते. कपाट हातभर पुढे ओढून हवेस वाट दिली, तर तीही ७९ कडे सरकते. सहा अंशांचा फरक आणि हातभर जागा, एवढ्यानेच बुरशीचा अंमल बव्हंशी संपतो. विजेची बचत होते ती निराळीच.

याच तत्त्वाचे आणखी एक रूप पहाटे दिसते. रात्रभर थंड केलेल्या खोलीची दारे-खिडक्या सकाळी उघडल्या, किंवा मध्येच वीज गेल्यामुळे कोणी खिडकी उघडली, की बाहेरची दमट हवा थंड भिंतींवर, आरशांवर आणि फरशीवर येऊन पाणी सोडते. पावसाळ्यात खोली उघडण्यापूर्वी यंत्र बंद करून भिंतींना तासभर स्वतःहून उबदार होऊ द्यावे. खिडक्या त्यानंतर उघडाव्यात. उलट मे महिन्यात खिडक्या केव्हाही उघडल्या तरी बुरशीच्या दृष्टीने हानी नाही, कारण बाहेरची हवा आतल्या हवेहून कोरडीच असते. "खिडक्या उघडा" हा उपदेश ऋतू सांगितल्याखेरीज अपुरा आहे, तो यामुळेच.

६. जुनी भिंत आणि नवी भिंत

मराठवाड्यातील जुनी माळवदाची घरे जाड मातीच्या किंवा दगडी भिंतींची असत. माती व चुना यांचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळे दमट वेळी बाष्प शोषून घेई आणि कोरड्या वेळी परत सोडी. भिंतीची ही देवघेव आर्द्रतेचे चढउतार सौम्य करी. नव्या घरांतील सिमेंटचा गिलावा आणि त्यावरचा प्लॅस्टिकयुक्त रंग ही देवघेव पुष्कळशी थांबवितो. मग बाष्प पृष्ठभागावरच राहते. अशा भिंतीत बाहेरून पाणी शिरले, तर ते आतल्या अंगास सुकू न शकल्याने रंगास फुगे येतात.

चुन्याची सफेदी याहून निराळी वागते. ताजा चुना अतिशय अल्कधर्मी असतो व त्यावर बहुतेक कवके तग धरू शकत नाहीत. परंतु हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडमुळे त्याचे हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होते आणि हा गुण ओसरतो. पावसाळा सरल्यावर, दसरा-दिवाळीपूर्वी, दरसाल घरास चुना देण्याच्या प्रथेकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे तीतील शहाणपण दिसते : ओल सुकली, धूळ झाडली गेली, आणि भिंतीचा अल्कधर्म नवा झाला. पुस्तके बांधणारे कारागीर खळीत मोरचूद घालीत, त्यामागेही बुरशी व किडी यांना अटकाव करण्याचाच हेतू होता. मात्र जुन्या रीती गुणकारी ठरल्या त्या विशिष्ट परिस्थितीत. यंत्राने थंड केलेल्या अर्ध्या विटेच्या भिंतीवर नुसता चुना फासून दव थांबणार नाही, हेही स्पष्ट असावे.

७. परिणाम आणि उपाय

या प्रश्नाकडे केवळ भिंतीच्या शोभेचा प्रश्न म्हणून पाहणे चुकीचे होईल. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरात राहणाऱ्यांत खोकला, घरघर आणि दमा यांचे प्रमाण अधिक आढळते, असा उपलब्ध संशोधनाचा निष्कर्ष तीत दिलेला आहे. थंड खोली ज्यांच्यासाठी राखलेली असते ती तान्ही मुले व वृद्ध यांनाच हा धोका अधिक, हा यातील दैवदुर्विलास होय. दुसरी हानी कागदाची. वारकरी घरातील गाथेची जुनी प्रत, आजोबांच्या हातची अभंगांची वही, शेतीची कागदपत्रे ही बहुधा त्याच कपाटात असतात. ६५ टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत दीर्घकाळ राहिलेला कागद बुरशीच्या भक्ष्यस्थानी पडू लागतो, आणि कवकाच्या एंझाइमांनी एकदा तोडलेले तंतू पुन्हा जुळत नाहीत. कडुनिंबाचा पाला किडींना दूर ठेवील. हवेतील बाष्प तो कमी करीत नाही.

उपायांचा क्रम वरील विवेचनातूनच निघतो. प्रथम मोजावे. आर्द्रता दाखविणारे साधे उपकरण आज अल्प किमतीत मिळते. ते खोलीच्या मध्यावर एकदा आणि कपाटामागे एकदा ठेवून दोन्ही आकडे टिपावेत. त्यानंतर पाण्याचा उगम शोधावा. एक बाजू ओली व वरून खाली उतरणारा पट्टा असेल तर गळती, जमिनीपासून वर चढणारा असेल तर पायातील ओल, आणि कोपऱ्यात किंवा सामानामागे विखुरलेले ठिपके असतील तर दव, असे ढोबळ निदान करता येते. उगम बंद केल्यावर भिंत पूर्ण सुकू द्यावी, आणि सर्वांत शेवटी सफाई करावी. हा क्रम उलटा केला की रंगाऱ्याची फेरी दरसाल ठरलेलीच.

सफाई कोरड्या झाडूने करू नये, कारण त्याने असंख्य बीजुके हवेत उडतात. नाकातोंडास पट्टी बांधून, साबणाच्या पाण्यात भिजविलेल्या फडक्याने पृष्ठभाग पुसावा व लगेच कोरडा करावा. विरंजक द्रव वापरावयाचा असल्यास तो आम्लात किंवा अमोनियायुक्त द्रवात कदापि मिसळू नये. त्यापासून विषारी वायू निर्माण होतात. गुळगुळीत पृष्ठभागावर विरंजकाचा उपयोग होतो, परंतु सच्छिद्र गिलाव्यात तो खोलवर पोहोचत नाही. पुस्तके व पोथ्या प्रथम सावलीत, वाहत्या हवेत सुकवाव्यात आणि मग घराबाहेर मऊ कुंचल्याने झाडाव्यात. ओल्या कागदावर कुंचला फिरविल्यास डाग आतच मुरतो.

यंत्राच्या बाबतीत, पावसाळ्यात तापमान २५ ते २६ अंश ठेवावे. यंत्रात केवळ बाष्प काढण्याची सोय असल्यास ती वापरावी. जाळी व तबक ऋतूच्या आरंभी स्वच्छ करावे. निचऱ्याची नळी भिंतीपासून दूर न्यावी. नवे यंत्र घेताना खोलीच्या मानाने मोठे यंत्र म्हणजे चांगले यंत्र हा समज सोडून द्यावा.

८. समारोप

कूलर घरात पाणी आणतो, वातानुकूलन यंत्र ते घराबाहेर नेते, आणि तरीही दोहोंमुळे बुरशी येऊ शकते. या दिसावयास विसंगत वाटणाऱ्या गोष्टीचा उलगडा बाष्प आणि पृष्ठभागाचे तापमान यांच्या परस्परसंबंधात आहे. नरसी नामदेवसारख्या गावी मे महिन्यात कूलरची खिडकी उघडी ठेवणे आणि श्रावणात थंड खोलीची खिडकी बंद ठेवणे या दोन उलट वर्तनांमागे एकच नियम आहे : भिंतीच्या त्वचेवरील आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे संशोधनाचे विस्तृत क्षेत्र आहे. माळवदाच्या व सिमेंटच्या घरांत वर्षभर भिंतीलगतच्या आर्द्रतेच्या नोंदी घेणे, कूलरच्या पडद्यांवर कोणती कवके वाढतात ते ओळखणे, अर्ध्या विटेच्या भिंतीवर चुना, माती आणि प्लॅस्टिकयुक्त रंग यांची शेजारी शेजारी परीक्षा घेणे, यांपैकी कोणत्याही कामास मोठ्या प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. एक आर्द्रतामापक, एक तापमापक आणि दोन ऋतूंची चिकाटी एवढ्या सामग्रीवर ते होण्याजोगे आहे.

कृत्रिम गारवा आता केवळ शहरांपुरता राहिलेला नाही, आणि वाढत्या उन्हाळ्यात तो चैनीचा विषय आहे असेही म्हणता येणार नाही. त्याचा लाभ घेताना त्याच्या पाण्याचा हिशेब ठेवणे तेवढे अगत्याचे आहे. तो हिशेब ठेवला नाही, तर भिंत तो आपल्या काळ्या अक्षरांत मांडतेच.